चार नंबर रानात उतरला

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला, पण एक ढेकूळ कधी फोडलं नाही. हे सांगितलं की लोक हसायचे, पण ते खरं होतं. आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात होते. तिथे एका शेडमधला माल दुसऱ्या शेडमध्ये न्यायला ट्रॉल्या असतात, एकीला एक जोडलेल्या, आणि त्या ओढायला ट्रॅक्टर असतो. यांच्या ताब्यात होता तो पिवळा, बुटका, जाडजूड, पुढे लोखंडाच्या लाद्या बसवलेला आणि अंगावर पांढऱ्या रंगात चारचा आकडा. हे त्याला चार नंबर म्हणायचे. संध्याकाळी घरी आले की "आज चार नंबर जरा रुसला होता," असं सांगायचे. मी म्हणायचे, मीसुद्धा रुसलेय, आधी कांदे सोलून द्या. मी कामगारांचे डबे करत असे, त्यामुळे आमच्या दोन खोल्यांत कांदा आणि कुकर यांचंच राज्य होतं.

तर गोष्ट त्या चार नंबरची आहे, पण सुरू होते माझ्या वडिलांच्या तेराव्यापासून.

माझं माहेर गंगापूरच्या अलीकडे. रान काळं, खोल, पाणी धरून ठेवणारं. आई आधीच गेली होती, मग वडील गेले. मागे आम्ही दोघंच, मी मोठी आणि माझ्या पाठचा भाऊ. तेराव्याला चुलत्यांनी भावाच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, म्हणजे आता घरातला कर्ता हा. तोवर तो कायम उघड्या डोक्याने हिंडायचा. टोपी ठेवल्यावर त्याचा चेहरा एकदम वडिलांसारखा दिसायला लागला आणि मला रडू आवरेना. रडून झालं, जेवणं झाली, आणि चुलत्यांनी विषय काढला.

आमच्याकडे रिवाज असा की बाप गेला की बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडायचा, तशी सही करून द्यायची. त्या बदल्यात भाऊ दिवाळीला साडी नेसवतो, माहेरपणाला नेतो, आणि बहीण म्हणते माझं माहेर टिकलं. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी सह्या केल्या होत्या. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत असतं, पण कायदा भाऊबीजेला ओवाळायला येत नाही.

मी म्हणाले, मी सही करणार नाही. ओढ्याकडचा तुकडा माझ्या वाटणीला द्या.

बाहेर भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या.

"आक्का," भाऊ म्हणाला, "तू वाळूजला ऱ्हाती, दाजी कारखान्यात. रान काय डब्यात भरून नेशील का?"

"पेरीन," मी म्हणाले.

"कशानं पेरशील? उलथन्यानं?"

लोक हसले. मलाही दुसऱ्या कुणाला उद्देशून ते म्हटलं असतं तर हसू आलं असतं. पण ते ओढ्याकडचं रान म्हणजे माझं बालपण होतं. वडील बैलांनी पेरायचे तेव्हा तिफणीवरच्या चाड्यात बी सोडायला मागे मी असायचे. चाडं म्हणजे लाकडी वाटी, तिच्यात मूठ धरायची आणि बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. वडील मागे वळून बघायचेसुद्धा नाहीत, इतका माझ्या मुठीवर त्यांचा भरवसा. त्या रानात पिकलेला प्रत्येक हरभरा माझ्या हातून गेलेला होता, आणि लग्न झालं एवढ्या एका कारणाने ते रान माझं नव्हतं, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही.

चुलते समजुतीने बोलले. म्हणाले, "माय, रान पडीक पडलं तर बापाच्या आत्म्याला बरं वाटंल का? तू पेरनार असशील तर कुनाची ना नाय. पन नुसतं अडवून ठिवनार असशील तर भावाला सही दे."

माझी जीभ माझ्यापुढे चार पावलं धावते. मी म्हणाले, येत्या दिवाळीच्या आत पेरून दाखवते. नाही पेरलं तर भाऊबीजेला याच ओसरीवर बसून सही करते.

"बघा बरं, सगळ्यांम्होरं बोललीस," भाऊ म्हणाला.

"सगळ्यांसमोरच बोलले," मी म्हणाले आणि उठले.

पेरायचं म्हणजे ट्रॅक्टर हवा. बैल आता गावात शोधून सापडत नाहीत. गावात ज्यांच्याकडे भाड्याने ट्रॅक्टर होते, त्या सगळ्यांकडे मी स्वतः गेले. एकाचा टायर फुटला होता. एकाच्या मेव्हण्याचं लग्न होतं. तिसरा चहा पाजून म्हणाला, "आक्का, राग मानू नका, पन तुमच्या भावाला मला रोज तोंड दाखवायचं असतंय." तो निदान खरं बोलला. भावाने कुणाला मनाई केली होती असं मला वाटत नाही. गावाला मनाई करावी लागत नाही, गाव आपलं आपण ओळखतं.

पावसाळा आला, सगळ्यांच्या रानात कपाशी उभी राहिली, आणि माझ्या तुकड्यात कमरेएवढं गवत. जाणारा-येणारा बघून जायचा. मी बसमधून उतरून बांधावर उभी राहायचे आणि पुढच्या बसने परत जायचे. खरीप तर गेलाच होता. आता रब्बीचा हरभरा तेवढा हातात होता.

त्याच सुमारास यांच्या कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाड्या आल्या आणि जुने ट्रॅक्टर विकायला काढले. हेही त्याच महिन्यात निवृत्त झाले. घरी बसून पंख्याकडे बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, "चार नंबर भंगारात चाललाय."

माझ्या हातात पोळी होती, ती तव्यावरच राहिली. "तो शेतात चालेल का हो?"

"वेडी का काय! त्याला मागं लिफ्ट नाही. नांगर उचलायचा कशानं? टायर गुळगुळीत, सिमेंटवरचे. चिखलात गेला की बसलाच. त्यानं आयुष्यात माती बघितलेली नाही."

"तुम्हीही बघितलेली नाही. दोघं मिळून बघा."

पोळी जळाली. ती मी यांनाच वाढली, आणि यांनी काही न बोलता खाल्ली. त्यावरूनच मी ओळखलं की यांचाही जीव त्या पिवळ्या धुडात अडकलाय. निवृत्तीच्या पैशातून आम्ही तो घेतला. शेजारीण म्हणाली, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात. मी म्हटलं, आम्ही भंगारात जातोय.

खरं काम पुढेच होतं. नगर रस्त्यावर एक मिस्त्री होते, ट्रॉल्या बनवायचे, वेल्डिंगचं सगळं करायचे. दाढीला मेंदी, आवाज मोठा, आणि कुठल्याही कामाला आधी नाही म्हणायची सवय. चार नंबरभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "भाभी, ये घोडा नहीं है, ये गधा है. गधे को हल में जोतते क्या?"

"गाढवाला नांगराला जुंपणारी बाई तुमच्यासमोर उभी आहे," मी यांच्याकडे हात करून म्हणाले. मिस्त्री इतके हसले की पान थुंकायला बाहेर गेले, आणि आत येऊन त्यांनी काम घेतलं.

मोडीत निघालेल्या एका शेतीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट मिळाली. ती मागे बसवायची तर भोकं जुळेनात. मग मध्ये जाड पत्रा कापून घातला, त्याला नवी भोकं पाडली. तरी एका बाजूला बोटभर तिरकी राहिली, ती पुन्हा काढली. खोल नक्षीचे जुने टायर मिळाले ते या चाकांवर चढेनात. मग चाकंच कापून नव्या कड्या जोडल्या. मी डब्यांच्या फेऱ्या संपल्या की दुपारी तिथे जाऊन बसायचे. मिस्त्री म्हणायचे, "भाभी बैठी तो मेरे लड़के चाय पीने नहीं जाते." मग चहा मीच न्यायला लागले, म्हणजे जायचं कारणच उरलं नाही.

पुढच्या लोखंडी लाद्या मिस्त्रींना काढून टाकायच्या होत्या. म्हणाले, फालतू वजन आहे, इंजिन ओझं ओढतंय. त्यावर आमचे हे, जे कधी कुणाशी वाद घालत नाहीत, लादीवर हात ठेवून उभे राहिले. "मागं जड ट्रॉली लावली की हा तोंड वर करतो. या असल्या तरच दबून राहतो. मी ओळखतो याला." लाद्या राहिल्या. पुढे रानात मागचा नांगर उचलल्यावर चार नंबरने तोंड वर केलं नाही, तेव्हा यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मुलगा पहिला आल्यावर बाप बघतो.

पण एका गोष्टीत हेच आडवे आले. कारखान्यात ट्रॅक्टर जोरात पळू नये म्हणून वेगाच्या पट्टीला एक बोल्ट मारलेला असतो आणि त्यावर शिशाचं सील. तो काढल्याशिवाय इंजिनला जोर येणार नव्हता. हे म्हणाले, "सील तोडायचं नाही."

"का?"

"साहेबांनी लावलंय."

"अहो, साहेबाने ट्रॅक्टर विकला. तुमचा आहे तो."

"असू दे. सील तोडलं की मेमो मिळतो."

मी आधी हसले, मग यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं. इतकी वर्षं त्या सीलला हात न लावण्यातच यांची इज्जत होती. मी मिस्त्रींच्या टेबलावरची पक्कड घेतली आणि स्वतः ते सील तोडलं. "मला मेमो द्या म्हणावं," मी म्हणाले. हे थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले ते बोल्ट सोडवायला पाना घेऊनच.

मागे घेताना टूंटूं वाजणारा भोंगा मात्र यांनी काढू दिला नाही, आणि टपावरचा गरगर फिरणारा पिवळा दिवाही नाही. मागे माणूस असतं, म्हणाले. रानात मागे कोण असणार, असं मी म्हणणार होते, पण सील तोडल्यावर एक भोंगा सोडून द्यायला हरकत नव्हती.

दसऱ्याला आमच्या गल्लीत चार नंबरला झेंडूची माळ घातली. मिस्त्रींनाही आपट्याची पानं दिली. दुसऱ्या दिवशी हे आणि मी गावाला निघालो, हे सीटवर, मी मागच्या मडगार्डवर, मांडीवर भाकरीचं गाठोडं. पिवळा दिवा फिरत होता म्हणून मागच्या गाड्यांना वाटायचं रस्त्याचं काम चाललंय, आणि त्या मुकाट बाजूने जायच्या. एका चौकात पोलिसानेसुद्धा आम्हाला आधी सोडलं. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

नांगरट झाली. कशी झाली विचाराल तर वाकडीतिकडी झाली, पण नांगरट वाकडी झाली तरी माती उलटतेच. गवत खाली गेलं, काळं रान वर आलं, आणि त्याचा वास आला तेव्हा मी ट्रॅक्टरच्या आडोशाला जाऊन पदराने तोंड पुसलं. मग वखराच्या पाळ्या दिल्या. ढेकळं फुटली. गावातल्या लोकांना चार नंबर म्हणजे करमणूक झाली होती. बांधाशी पोचून हे मागे घ्यायला लागले की भोंगा वाजायचा, आणि रस्त्यावरून कुणीतरी ओरडायचं, "आलं रं ॲम्ब्युलन्स!" यांच्या तोंडावर रेष हलत नसे. कारखान्यात साहेबांची बोलणी ऐकलेला माणूस तो.

शेजारच्याच रानात भाऊ असायचा. आमच्या दोघांच्या मध्ये एक बांध. तो कपाशीला पाणी देत असायचा, डोक्यावर ती पांढरी टोपी. मी एकदा हाक मारली, "भाऊ, भाकर खायला ये." त्याने फावडं उचललं आणि पाण्याच्या दुसऱ्या दंडाला गेला. मीही भाकरी बांधून ठेवली. 

पेरणीचा दिवस उजाडला तेव्हा दिवाळी अगदी तोंडावर आली होती. रानातली ओल वरून सुकत चालली होती. ओल उडाली की हरभरा उगवत नाही, मग पेरलं काय आणि नाही पेरलं काय. आज-उद्यात पेरणी उरकली नाही तर मी भाऊबीजेला ओसरीवर सही करणार होते. पेरणीयंत्र भाड्याने आणलेलं होतं, गंगापूरहून, कारण गावातून मिळालं नाही. मागे लिफ्टवर ते चढवलं, पेटीत हरभरा भरला, आणि बी नळ्यांतून नीट पडतंय का ते बघायला मी मागे चालत राहिले. पाय आपोआप वडिलांच्या तिफणीमागच्या चालीने पडायला लागले.

पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, संपलं आणि मी वळून बघितलं. साप गेल्यासारखं तास. दुसरं पहिल्याला एका जागी चिकटलेलं आणि दुसऱ्या जागी हात-दीड हात सुटलेलं. तिसरं तर दुसऱ्याच्या अंगावरच चढलं होतं.

"अहो, सरळ चालवा की!"

"रान उताराचं आहे," हे म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं!"

मग माझ्या लक्षात आलं ते. हे पुढे बघतच नव्हते. सीटवर अर्धं वळून, मान मागे करून, पेरणीयंत्राकडे बघत ट्रॅक्टर हाकत होते. कारखान्यात सगळी नोकरी यांनी तशीच केली. मागच्या ट्रॉल्या कुठे घासत नाहीत ना, माल पडत नाही ना, मागे कुणी आलं नाही ना. पुढचा रस्ता तिथे जमिनीवर पिवळ्या रेघेने आखलेला असतो, त्याच्याकडे बघावं लागत नाही. मागे चुकलं तर मेमो. रानात रेघ कुठली? रेघ आपणच पाडायची असते.

मी सांगितलं, पुढे बघा. हे पुढे बघायचे, आणि दहा पावलांवर मान पुन्हा मागे. सवय ती सवय. "मागे मी आहे ना!" मी ओरडले. "म्हणूनच बघतोय," हे म्हणाले. 

रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "दाजी, हरभरा पेरताय का रांगोळी काढताय?" सगळे हसले. या वेळी मात्र यांच्या तोंडावरची रेष हलली. हे बांधापर्यंत गेले आणि इंजिन बंद केलं. खाली उतरले, लादीवर बसले.

"माझ्याच्यानं होणार नाही. तुझ्या बापाच्या रानाचं मी वाटोळं करतोय."

"उठा."

"नाही. दुसरा ड्रायव्हर बघ."

"दुसरा कुठून बघू? कोण येणार आहे मला? तुम्ही आहात म्हणून तर मी हे धरलं!" मी अक्षरशः ओरडत होते. मला लोक दिसत नव्हते. मला फक्त ती ओसरी दिसत होती, चुलते, तो कागद, आणि भाऊबीजेच्या दिवशी मान खाली घालून बसलेली मी. हे उठेनात. यांच्यासारखा मऊ माणूस एकदा बसला की त्याला उठवणं फार अवघड, कारण तो भांडतच नाही. मी रागाने बियांच्या पेटीचं झाकण आपटलं आणि तिथेच खाली बसले.

तेवढ्यात बांधावरून पावलं वाजली. भाऊ येत होता.

मला वाटलं, आला आता बोलायला. बोलू दे. मी तोंडातली उत्तरं तयार ठेवली.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. पेरलेल्या तासांकडे बघत उभा राहिला. त्याचा जबडा हलत होता. मग यांना म्हणाला, "दाजी, उठा."

हे दचकून उठले.

"बापाच्या रानात मी वाकडं तास पडू द्यायचो नाय. कुनाचं बी रान असू द्या आता. उठा, बसा गाडीवर."

त्याने बांधावरची एक तुराटी, तुरीचं वाळकं खोड, उपसली, आम्ही उभे होतो त्या बांधाशी जमिनीत रोवली. मग डोक्यावरची टोपी काढली आणि तुराटीच्या टोकावर घातली. काळ्या रानावर ती पांढरी टोपी लांबून दिसणार होती.

"माघारी येताना ह्या टोपीवर नाक धरायचं गाडीचं. जाताना माझ्यावर. मी पल्याड उभा ऱ्हातो. मागं काय बी होऊ द्या, मान वळवायची नाय. मागं आक्का हाय. तिची मूठ बापानं बी कधी वळून बघितली नव्हती."

एवढं बोलून तो उन्हात, उघड्या डोक्याने, सगळं रान ओलांडून पलीकडच्या बांधावर गेला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मला एकदम आठवलं. पहिलं तास धरताना वडील समोरच्या बांधावर माणूस उभा करायचे, आणि बहुतेक वेळा तो हाच असायचा. हलला की वडील तिफण थांबवून शिव्या द्यायचे. तेव्हापासून त्याला हलायचं नाही हे ठाऊक होतं.

चार नंबर सुरू झाला. यांनी समोर बघितलं. मान एकदा मागे वळायला लागली, तशी पलीकडून आरोळी आली, "दाजी!" आणि मान जागेवर आली. तास संपलं. मी वळून बघितलं. ओढ्यापर्यंत दोरी ताणल्यासारखं सरळ तास होतं. भाऊ एक पाऊलही न चुकता यंत्राच्या रुंदीइतका बाजूला सरकला. आम्ही वळलो, भोंगा वाजला, कुणी हसलं नाही. माघारी टोपीवर नाक धरून आलो, मी तुराटी उपसून पुढे रोवली. पुन्हा भाऊ. पुन्हा टोपी. आधीची वाकडी तासंही आम्ही मोडून नव्याने पेरली.

ऊन चढलं, उतरलं. मागे चालता चालता माझ्या डोक्यात एकच विचार होता. हा माणूस इथे उभा राहिला नसता तर भाऊबीजेला हे रान त्याचं झालं असतं. त्याला काही करावं लागलं नसतं, फक्त बघत बसायचं होतं. ते त्याला माहीत होतं. प्रत्येक तासागणिक तो एक पाऊल सरकत होता, आणि रान त्याच्या हातून जात होतं. वाकडं तास बघवलं नाही, एवढंच त्याला नडलं. आमच्या बापाने आम्हाला दुसरं काही दिलं नसेल, हे मात्र दोघांना सारखं वाटून दिलं होतं.

शेवटचं तास ओढ्याच्या कडेला संपलं तेव्हा दिवस मावळत होता. मी हात करून त्याला थांबायला सांगितलं. पण त्याचं घर त्या बाजूलाच. विजेची वेळ झाली, विहिरीवरची मोटार चालू करायची होती, की नुसतं निमित्त होतं, कोण जाणे, तो तिकडूनच गेला. टोपी आमच्या बांधावर तुराटीवर तशीच राहिली. गावातून तो उघड्या डोक्याने गेला. कर्ता झाल्यापासून त्याला तसं कुणी बघितलं नसेल.

ती टोपी मी घरी नेली, धुतली, नीळ दिली, आणि इस्त्री करून कपाटात ठेवली. हे म्हणाले, गावच्या कुणाबरोबर पाठवून दे. मी म्हटलं, नाही पाठवणार.

हरभऱ्याने मातीतून माना वर काढल्या त्याच सुमारास दिवाळी आली. भाऊबीजेला मी ताट तयार ठेवलं, पण रांगोळी घातली नाही, कारण घालून बसावं आणि कुणी येऊ नये, हे मला झेपणार नव्हतं. दुपार कलली. दार वाजलं. भाऊ होता. हातात साडीची पिशवी, आणि डोक्यावर काही नव्हतं. त्याच्याकडे दुसरी टोपी नसेल असं नाही. आठवडी बाजारात ढिगाने मिळतात.

तो पाटावर बसला.  बोडक्या डोक्याच्या माणसाला ओवाळत नाहीत आमच्याकडे. हातरुमाल तरी ठेवतात. त्याने खिशात रुमाल शोधल्यासारखं केलं. मी आत गेले, कपाटातली टोपी आणली आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली. तेराव्याला चुलत्यांनी ठेवली होती तेव्हा मला तो वडिलांसारखा दिसला होता. आज तो माझा भाऊ दिसत होता.

मी ओवाळलं. 

"आक्का," तो ताटाकडे बघत म्हणाला, "हरभरा चांगला उगवलाय. तास सरळ हायेत."

"तू उभा होतास म्हणून."

"व्हय," तो म्हणाला. मग आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या यांच्याकडे बघून जरा मोठ्याने म्हणाला, "दाजी, पुढच्या साली माझा बी हरभरा पेरायचा हाय. त्या चार नंबरनं. पन भोंगा काढून या."

"भोंगा निघणार नाही," आमचे हे म्हणाले.